एका घासाचा प्रश्न

सिंगापूरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी माझं एक भाषण तयार आहे. पेरानाकन म्हणजे कोण, तर शेकडो वर्षांपूर्वी व्यापारासाठी मलाक्का, पेनांग भागात आलेले चिनी लोक इथल्याच बायकांशी लग्नं करून राहिले, त्यांचे वंशज. पुरुष बाबा, बायका न्योन्या. सण चिनी, मसाले मलय. वेंगुर्ल्याहून आलेल्या मावशीने मेट्रोची चार स्टेशनं होईपर्यंत हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे घरजावई?"

काटोंगजवळच्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली असतात तिथे, शिरताना मी भाषणाचा दुसरा भाग काढला. २०२० साली युनेस्कोने इथल्या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला वगैरे. मावशीला वारसा काही दिसला नाही, रांग दिसली. "एवढी माणसं उभी आहेत म्हणजे ताजं असणार," म्हणत ती जाऊन उभीही राहिली.

न्योन्या मिठायांना इथे 'क्वे' म्हणतात. काचेमागे हिरव्या, लाल, निळ्या वड्या ओळीने मांडलेल्या. मावशी नाकाला चष्मा चिकटवून म्हणाली, "आधी अंडं कशाकशात आहे ते विचार."

इथून माझे हाल सुरू झाले. विकणारी आंटी बोटाने दाखवत होती, यात आहे, यात नाही. 'क्वे सालात'मध्ये होतं. खाली नारळाच्या दुधातला चिकट भात, वर पांदानच्या पानाचा वास असलेला हिरवा, अंड्याचा थर. पांदान म्हणजे आपल्या केवड्याचा भाऊबंद. भातावर निळे डाग पाहून मावशी दचकली. "बुरशी आलीय रे!" मी म्हटलं, अगं, ते गोकर्णाच्या फुलांचं पाणी. "गोकर्ण? महादेवाला वाहतो ते? मग खालचा थर द्या म्हणावं, वरचा काढून ठेवा." हे वाक्य कुठल्याही भाषेत नेण्याची माझी हिंमत झाली नाही. मागचे काका खाकरले. आंटीने चिमटा हवेतच धरून ठेवला होता. मी घाईघाईने चार ओन्दे-ओन्दे आणि एक लाल कासव घेतलं. कासव म्हणजे 'अँग कू क्वे', साच्यात दाबून कासवाच्या पाठीसारखं केलेलं, आत मुगाचं पुरण. "कासव खायचं?" मावशीने विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता ओन्दे-ओन्देबद्दल. रताळं आणि चिकट तांदळाचं पीठ मळून सुपारीपेक्षा जराशा मोठ्या गोळ्या करतात, पोटात गुळाचे खडे भरतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. गोळी तरंगली की झाली. मग ती खवलेल्या नारळात लोळवायची. तोवर आतल्या गुळाचा पाक झालेला असतो. म्हणून ती अख्खी तोंडात टाकायची आणि ओठ मिटूनच चावायची, हा एकमेव नियम. पेरानाकनांचा सगळा इतिहास सांगून झाला होता, पण एवढी एक कामाची गोष्ट सांगायची राहून गेली.

मावशीने उकडीच्या मोदकासारखा निम्मा घास घेतला.

पिचकारी थेट माझ्या शर्टावर आली. पांढऱ्या. मावशी चपळ, शेजारच्या रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं तिने उचललं, फोडलं आणि माझी छाती पुसायला घेतली. मी नको नको म्हणेपर्यंत चार कागद संपले होते. इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट म्हणजे एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेला रुमाल. याला 'चोप' करणं म्हणतात आणि त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. तेवढ्यात दोन शाळकरी पोरी येऊन त्या टेबलावर बसल्या आणि पाठोपाठ लाक्साचा, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्सचा, वाफाळता वाडगा घेऊन पाकिटाचे मालक आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, मग मावशीच्या हाताकडे.

मी उठून माझं स्टूल दिलं आणि जमतील तेवढ्या वेळा सॉरी म्हणालो. मावशीने कासव त्यांच्यापुढे सरकवलं. अंकल हसले. बाळ महिन्याचं झालं की हे वाटायची पद्धत आहे, त्यांनी सांगितलं. मी मराठीत केलं. "बारशाच्या पेढ्यासारखं," मावशीने मान डोलावली आणि लगेच अर्धं मोडून स्वतःही घेतलं.

मग तिने हातातली उरलेली अर्धी ओन्दे-ओन्दे तोंडात टाकली आणि गप्प झाली. मावशी गप्प झाली की मला काळजी वाटते.

"माडाचा गूळ आहे रे हा."

होताच. इथे त्याला गुला मलाका म्हणतात. गोव्याचं दोदोल या गुळाचं असतं, इकडेही ते याच गुळाचं करतात आणि नावही तेच, असं मी सांगायला लागलो, तर तिने हात वर केला. तोंडात दुसरी होती. अख्खी, ओठ मिटून. तिसरी आणि चौथीही तशीच गेली. मी शर्टावरचा गूळ चाटून पाहावा का, या विचारात उभा होतो.

रात्री वेंगुर्ल्याला फोन लागला. "हो, बरं आहे गाव," मावशी काकांना सांगत होती. "मोदकसुद्धा मिळतात. फक्त बायका पाकळ्या घालायचा कंटाळा करतात."