लच्छिमान गुरुंग यांच्या हातात त्या रात्री खुकरी नव्हती, रायफल होती

फिरणारा मजकूर साधारण असा: 'जेमतेम पाच फुटांच्या गुरख्याने हात तुटलेला असताना एकट्याने, नुसत्या खुकरीने ३१ जपानी कापले.' कुठे कुठे ३१ चे २०० होतात. माणूस खरा आहे. रायफलमन लच्छिमान गुरुंग, आठवी गुरखा रायफल्स, चौथी बटालियन. उंची चार फूट अकरा इंच, तेही खरं. बाकीचं त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, मानपत्राशी ताडून बघा.

आधी खुकरी. १३ मे १९४५, ब्रह्मदेशातलं तौंगडॉ, रात्रीचा १ वाजून २० मिनिटं. गुरुंग सगळ्यांत पुढच्या खंदकात. पहिला हातबॉम्ब खंदकाच्या काठावर पडला, त्यांनी उचलून परत फेकला. दुसरा थेट आत पडला, तोही फेकला. तिसरा हातातच फुटला. उजव्या हाताची बोटं उडाली, हाताच्या चिंधड्या झाल्या, चेहरा आणि उजवा पाय फाटला. त्यानंतर चार तास ते डाव्या हाताने रायफल भरत आणि झाडत राहिले. तेव्हाच्या रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूला असे आणि दर गोळीला तो मागेपुढे करावा लागे. हे एका डाव्या हाताने, अंधारात, शत्रू पुढ्यात येईपर्यंत थांबून! खुकरीची गोष्ट सांगणाऱ्यांनी नेमकं हेच गाळलंय, याचा मला राग येतो.

आता आकडे. २०० हा हल्ला करणाऱ्यांचा किमान अंदाज आहे, मेलेल्यांचा नव्हे. कंपनीच्या आसपास ८७ मृतदेह मोजले गेले, त्यांतले ३१ गुरुंग यांच्या सेक्शनसमोर, म्हणजे कंपनीतल्या त्यांच्या छोट्या तुकडीसमोर होते. सेक्शनसमोर, म्हणजे सगळे त्यांच्याच गोळीने पडले असं मानपत्र म्हणत नाही.

'एकट्याने' अर्धं खरं. सोबतचे जखमी झाल्यावर त्या खंदकातून लढणारे ते एकटेच उरले. पण वेढ्यात अडकलेली त्यांची कंपनी तीन दिवस आणि दोन रात्री तिथे झुंजत होती. त्या जवानांना गोष्टीतून हाकलून देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणि 'आपला काय संबंध, ती इंग्रजांची फौज' म्हणणाऱ्यांना एवढंच: ही रेजिमेंट १९४७ मध्ये भारताच्या वाट्याला आली. माणेकशॉ याच आठव्या गुरखाचे. गुरुंग यांनी उजवा हात आणि एक डोळा गमावला होता. १९४५ च्या डिसेंबरात त्यांना पदक मिळालं तेही दिल्लीत, लाल किल्ल्यावर.