खुलासा : तंबाखूची धूळ मुलगा-मुलगी बघत नाही

निपाणी-खानापूर भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय : "धूर, तंबाखूची धूळ फक्त मुलाच्या गर्भाला बाधते, मुलगी असेल तर काळजी नको." हे साफ चुकीचं आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या गरोदर बाईच्या बोटांतून निकोटिन कातडीवाटे अंगात जातं, तिथून गर्भाला पोसणाऱ्या वारेतून बाळापर्यंत. आईच्या अंगात गेलेलं शिसंही वारेतूनच बाळापर्यंत पोचतं. परिणामांत फरक आढळतो, हे खरं : काही अभ्यासांत मुलांवर जास्त, काहींत मुलींवर. पदार्थ कुठला, महिना कितवा, यावर ते बदलतं. मुलगी सुरक्षित, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. शिवाय पोटात मुलगा आहे की मुलगी हे तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. बायांनो, बाळंतपण होईपर्यंत तरी सूप बाजूला ठेवा.