समांतर सॉर्टिंग रखडवण्याचे खात्रीशीर उपाय

सॉर्टिंग, म्हणजे डेटा क्रमाने लावणं, प्रोसेसरच्या अनेक कोअरवर (एकाच वेळी गणित करणाऱ्या भागांवर) वाटायचं. कोअर आठ, म्हणजे वेग आठपट. अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ सालीच यात मोडता घातला होता (जे काम एकामागून एकच करावं लागतं, ते वेग अडवतं), पण इतकं जुनं कोण वाचतं?

मर्ज सॉर्ट घ्या, म्हणजे घटकांची यादी (अ‍ॅरे) तोडत जायची आणि क्रमाने लागलेले तुकडे जुळवत (मर्ज करत) परत यायचं. अ‍ॅरेचे दोन भाग करा, प्रत्येकाला नवा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) द्या, त्यांचे पुन्हा दोन भाग, असं एकेक घटक उरेपर्यंत चालू द्या. १० लाख घटकांसाठी जवळपास २० लाख थ्रेड मागून होतात. मशीनने त्याआधीच मान टाकली, तर दोष मशीनचा. जावा ८ या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅरललसॉर्ट हे तयार फंक्शन ८१९२ किंवा त्याहून कमी घटक दिसले की मुकाट्याने एकाच थ्रेडवर काम उरकतं. असला भित्रेपणा तुम्हाला शोभत नाही.

मर्ज मात्र एकाच थ्रेडच्या गळ्यात घाला. शेवटी ५-५ लाखांच्या दोन रांगा तो एकटा जुळवेल आणि बाकीचे हातावर हात ठेवून बघतील. इथेच खरी कमाई आहे. सगळं काम साधारण २ कोटी तुलनांचं; पण आधीची मर्जं धरून एकामागून एक कराव्याच लागणाऱ्या तुलना जातात २० लाखांच्या घरात. म्हणजे कोअर कितीही लावा, दहापटीच्या वर उडी नाही. नुसत्या तुलना मोजल्या तर ८ कोअरवर पाचपट, ६४ वर नऊपट. आणखी कोअर मागवायला याहून भक्कम कारण कुठलं?

एका रांगेतला मधला घटक दुसरीत कुठे बसतो ते बायनरी सर्चने (दरवेळी निम्मी रांग बाद करत) शोधलं, की मर्जसुद्धा दोन थ्रेडमध्ये वाटता येतं. हे कुणाला कळू देऊ नका.

सॅम्पल सॉर्ट, म्हणजे आधी डेटा मूल्यांनुसार गटांत वाटून एकेक गट एकेका थ्रेडला देणं, करायचंच असेल, तर विभाजक (गटांच्या सीमा ठरवणारी मूल्यं) अ‍ॅरेच्या पहिल्या काही घटकांतून उचला. डेटा आधीच चढत्या क्रमाने असला, तर जवळजवळ सगळा माल शेवटच्या थ्रेडवर कोसळतो. आठ थ्रेडचे चार-चार बाइटचे काउंटर (प्रत्येकाची मोजणी ठेवणारे आकडे) मेमरीत शेजारीशेजारी ठेवा. ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनवरून (कोअर मेमरीतून एकदम उचलतो त्या तुकड्यावरून) कोअर आपसांत ओढाताण करत राहतील आणि प्रोफायलरमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) सगळे कसे कामात बुडालेले दिसतील!

एवढं करूनही वेग मोजायची वेळ आली, तर तुलना एका थ्रेडवरच्या चांगल्या सॉर्टशी चुकूनही करू नका. बबल सॉर्ट निवडा, शेजारच्या जोड्या पुन्हापुन्हा तपासत बसणारी संथ पद्धत. १० लाख घटकांना त्याला सुमारे ५०,००० कोटी तुलना लागतात, त्यामुळे आलेखात तुमचा स्तंभ दिसणारच नाही इतका छोटा येईल. तळटीप द्यायची गरज नाही.