‘९८ टक्के पारा’ या दाव्याची उरलेली गोष्ट

कॅलिफोर्नियातल्या नद्यांचा तळ पंपाने उपसून सोने काढण्याला २००९ सालापासून बंदी आहे आणि तेव्हापासून या बंदीविरुद्धचा एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: छोटा सोनेवाला नदीचे नुकसान करत नाही, उलट तळाशी साचलेला ९८ टक्के पारा तो फुकट बाहेर काढतो, त्याने टाकलेल्या खडीवर सामन मासे अंडी घालतात, हिवाळ्यातला एक पूर जेवढा गाळ हलवतो त्यापुढे त्याचा पंप काहीच नाही, १८७२ च्या केंद्रीय कायद्याने त्याला हा हक्क दिलेला आहे, आणि शहरात बसलेल्या पर्यावरणवाद्यांनी तो हिरावून घेतला. इथे राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांतही हा मजकूर पोहोचतो, कारण चौथीतली मुले शाळेच्या सहलीला कोलोमाला, म्हणजे कॅलिफोर्नियात १८४८ साली जिथे सोने सापडले त्या गावी जातात, परातीत वाळू घोळवतात आणि घरी येऊन सोन्याविषयी विचारू लागतात. त्या मुलांना अर्धे उत्तर मिळू नये, म्हणून एकेका मुद्द्याकडे नीट पाहिले पाहिजे.

आधी बंदी कशावर आहे ते स्पष्ट करतो. परातीत वाळू घोळवून सोन्याचे कण वेचायला बंदी नाही. सराफाच्या दुकानापुढची धूळ धुऊन त्यातले कण काढणारे आपल्याकडचे झारेकरी जे करत, त्याच जातीचे ते हातकाम आहे. बंदी आहे ती सक्शन ड्रेजवर. तराफ्यावर पेट्रोलचे इंजिन आणि पंप असतो. पाणबुड्याचा पोशाख घातलेला माणूस हवेची नळी तोंडात धरून तळाशी उतरतो आणि हातातल्या जाड पाइपाने खडकांच्या फटींपर्यंतची वाळू-खडी ओढून घेतो. ती तराफ्यावरच्या पन्हाळीतून वाहते, आडव्या पट्ट्यांमागे सोने अडकते आणि बाकीचे सगळे पुन्हा नदीत पडते. बंदीपूर्वी राज्य अशा कामासाठी वर्षाला तीन हजारांहून अधिक परवाने देत असे, म्हणजे ‘छोटा’ हा शब्द एका यंत्राला लागू पडतो, नदीवरच्या एकूण कामाला नाही.

आता पाऱ्याकडे येतो, कारण सगळ्या दाव्याचा भार त्याच्यावर आहे. घरात थर्मामीटर फुटून पारा बांगडीला लागला की बांगडी पांढरी पडते, हे अनेकांनी पाहिले असेल. पारा सोन्याला धरतो, म्हणूनच १८४८ नंतरच्या सुवर्णज्वरात, म्हणजे सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीच्या काळात, खाणवाले पन्हाळीत पारा ओतत. सान होजेजवळच्या न्यू अल्माडेनच्या खाणीतून तो येई. त्यातला सगळा परत हाती लागत नसे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार वाळू-खडी धुऊन सोने काढण्याच्या कामात सुमारे एक कोटी पौंड पारा निसर्गात गेला आणि त्यातला बहुतांश सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या उतारांवर. तो आजही नद्यांच्या तळाशी आहे. दाव्यातला एवढा भाग खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

‘९८ टक्के’ हा आकडाही हवेतून आलेला नाही. राज्याच्या जलमंडळाने अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावरचा, भरपूर पारा असलेला गाळ ड्रेजमधून काढून पाहिला आणि २००५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. यंत्राने सुमारे ९८ टक्के पारा पकडला, हे त्या अहवालात आहे. फिरणारा मजकूर तिथेच थांबतो. अहवाल पुढे जातो. निसटलेला पारा पन्हाळीतल्या खळखळाटात फुटून पिठासारखा बारीक झाला होता आणि पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म गाळाला चिकटून बाहेर पडत होता. त्या सूक्ष्म गाळातले पाऱ्याचे प्रमाण, एखाद्या पदार्थाला ‘घातक कचरा’ ठरवण्यासाठी कायद्याने जी मर्यादा घातली आहे, तिच्या दहापटीहून अधिक भरले. पन्हाळीत अडकलेला पारा दिसतो आणि मोजता येतो. निसटलेला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पंप चालवणाऱ्याला आपण नदी साफ केली असे प्रामाणिकपणे वाटू शकते.

पण इथे वजनापेक्षा पाऱ्याचे रूप महत्त्वाचे आहे. खडकाच्या फटीत जड थेंब होऊन पडलेला पारा तुलनेने कमी हालचाल करतो. तोच थेंब असंख्य कणांत फुटला की त्याचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि प्रवाह त्याला खाली धरणांच्या जलाशयांत, दलदलीत आणि शेवटी सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात नेऊन टाकतो. तिथल्या ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या अधिक विषारी रूपात, रूपांतर करतात आणि हा मिथिल पारा किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत साठत जातो. उपसागरातले आणि सिएराच्या पायथ्याच्या अनेक जलाशयांतले काही मासे मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी खाऊ नयेत किंवा फार थोडे खावेत, अशा सूचना राज्य त्यामुळेच देते. भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने साउथ युबा नदी आणि हंबग ओढ्याच्या संगमावर जे काम केले, त्यातही पारा मुख्यत्वे अतिसूक्ष्म गाळाला चिकटलेला आणि खडकालगतच्या घट्ट थरात सर्वाधिक आढळला. सोने जड असल्यामुळे तेही त्याच थरात असते. म्हणजे सोन्यासाठी जिथे पाइप घालावा लागतो, तिथेच पारा सर्वात वाईट आहे.

अंडी घालण्याचा मुद्दा ऐकायला गोड आहे. ड्रेजने टाकलेल्या सैल खडीच्या ढिगावर सामन मादी घरटे करते, हे खरे आहे. पुढे काय होते ते या मजकुरात नसते. वायव्य कॅलिफोर्नियातल्या नद्यांवर संशोधकांनी अशी घरटी हिवाळाभर पाहिली आणि १९९९ साली निष्कर्ष मांडला, की ढिगांवरची खडी बाजूच्या नैसर्गिक तळापेक्षा अधिक खरवडली जाते. तळाची खडी वर्षानुवर्षे एकमेकींत बसून पक्की झालेली असते. ढिगाला तो आधार नसतो, त्यामुळे मादी ज्या जागेवर विश्वासाने अंडी पुरते, ती जागाच पाण्याबरोबर जाते. पाइपात ओढल्या गेलेल्या अंड्यांची स्थिती याहून वाईट आहे. आयडाहोतल्या अभ्यासाचे १९८१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की कटथ्रोट ट्राउट या माशाची, आत पिलाचे डोळे अजून दिसू न लागलेली अंडी ड्रेजमधून गेल्यावर तासाभरात सगळीच्या सगळी मेली. याशिवाय लॅम्प्रे या वामीसारख्या लांबट माशाची पिल्ले आहेत, जी कित्येक वर्षे गाळातच पुरून राहतात. पंप जिथे चालतो तिथे त्यांना पळायला जागा नाही.

पुराशी तुलना करताना ऋतू विसरला जातो. पूर हिवाळ्यात येतो, तेव्हा पाणी भरपूर आणि थंड असते आणि गाळ पातळ होऊन वाहतो. ड्रेज चालतात ते उन्हाळ्यात, जेव्हा पाणी उतरलेले आणि तापलेले असते आणि माशांना मोजक्या थंड डोहांत व ओढ्यांच्या मुखांशी जीव धरून राहावे लागते.

कायद्याचा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही. १८७२ चा कायदा केंद्राच्या जमिनीवर खनिज शोधण्याची मुभा देतो. राज्याचे पर्यावरणाचे नियम त्यामुळे रद्द होत नाहीत, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एकमताने दिला आणि २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. खरे तर हा हक्क अमर्याद नाही हे त्याहून फार आधी दिसले होते. १८७२ नंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८८४ साली, न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी नॉर्थ ब्लूमफील्ड या सोन्याच्या खाणीच्या कंपनीला नद्यांत खाणीचा मलबा सोडायला मनाई केली, कारण खालच्या खोऱ्यातली शेते आणि गावे त्या मलब्याखाली गाडली जात होती. ज्या हंबग ओढ्याचा उल्लेख वर केला, त्यातूनच त्या खाणीचे पाणी वाहते.

राहिला शहरी पर्यावरणवाद्यांचा मुद्दा, आणि तो मला सर्वात अन्यायकारक वाटतो. ही लढाई सुरू केली ती उत्तर कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीकाठच्या करूक या मूलनिवासी जमातीने. इशी पिशी धबधब्यापाशी करूक माणसे आजही लांब दांड्याच्या जाळ्यांनी सामन धरतात. लॅम्प्रेही त्यांच्या ताटातले अन्न आहे. १९९७ साली तिथला कोहो जातीचा सामन केंद्राच्या संकटग्रस्त यादीत गेला, तेव्हा करूकांचे घरचे अन्न यादीत गेले होते. त्यांनी २००५ साली राज्याच्या मत्स्यविभागाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २००९ च्या बंदीची वाट तिथून निघाली. पंप थांबल्याने डोंगरातल्या काही कुटुंबांची पूरक कमाई गेली, छोट्या गावांतल्या दुकानांची उन्हाळी गिऱ्हाइके गेली, हे नुकसान खरे आहे आणि ते मोजलेही पाहिजे. पण त्याच काठावर त्याहून जुने नुकसान सोसणारे लोक होते, हे लपवून ते मोजता येणार नाही.

पारा काढायलाच हवा, याबद्दल माझे दुमत नाही. २००० साली सरकारी यंत्रणांनी हौशी सोनेवाल्यांकडून त्यांनी जमवलेला पारा गोळा करून घेतला होता आणि तो प्रयत्न चांगलाच होता. राज्याच्या २०१५ च्या कायद्यानेही पंपाला कायमचे दार लावलेले नाही. जलमंडळाकडून पाण्याच्या गुणवत्तेविषयीची परवानगी आधी घ्या, एवढे तो सांगतो. आपला पंप नदी साफ करतो असे ज्यांना वाटते, त्यांनी पन्हाळीच्या खालच्या टोकाशी बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेऊन मंडळासमोर जावे.