भाईंची कार्डं आणि मोंतेरोची फाइल

लिस्बनच्या विमानतळाला २०१६ पासून जनरल उंबेर्तो देल्गादो यांचं नाव आहे. गोव्याहून इथे पोटापाण्यासाठी येणारी आमची माणसं याच विमानतळावर उतरतात. देल्गादो कोण होते, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि देल्गादोंच्या खुनाबद्दल ज्याला शिक्षा झाली तो माणूस गोव्यात जन्मला होता, गोव्याच्या पोलिस कोठड्यांत त्याचा हात तयार झाला होता, हे लिस्बनमधल्याही फार थोड्यांना ठाऊक असतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचायचं काम डिचोलीचे एक निवृत्त कारकून करत होते. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. यंदाच्या पावसात भाई गेले.

आधी खुनाबद्दल. देल्गादो हे हवाई दलाचे जनरल. १९५८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या उमेदवाराविरुद्ध लढले. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं विचारल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘अर्थातच, काढून टाकणार.’ हुकूमशहाबद्दल असं उघड बोलायची तेव्हा कोणाची छाती नव्हती. मतमोजणीत त्यांना हरवण्यात आलं. पुढे ब्राझीलच्या वकिलातीत आसरा, मग ब्राझील, मग अल्जीरिया अशी वणवण झाली. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी, राजवटीच्या विरोधकांशी भेट घालून देतो अशी थाप मारून, पिडे या गुप्त पोलिस दलाच्या तुकडीने त्यांना स्पेनच्या हद्दीत बोलावलं आणि संपवलं. बरोबर असलेल्या सेक्रेटरी अराजारीर मोरैरा द कांपुस यांनाही सोडलं नाही. मृतदेह दोन महिन्यांनी, २४ एप्रिलला, विल्यानुएव्हा देल फ्रेस्नो या गावाजवळ सापडले. हा विरोधकांचाच आपसातला कलह, असं सालाझारच्या बाजूने सांगण्यात आलं. तुकडीतला मुख्य मारेकरी होता कासिमिरो मोंतेरो.

हा मोंतेरो आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. डिचोली, पेडणे, बार्देश इथल्या ज्या घरांतून कोणी ना कोणी तुरुंगात गेलं, त्या घरांत हे नाव अजून आवाज खाली आणून घेतात. १९५० नंतरच्या दशकात तो गोव्यातल्या पोर्तुगीज पोलिसांत होता आणि सत्याग्रहींना, आझाद गोमंतक दल या सशस्त्र मुक्तिसंघटनेच्या पोरांना बोलतं करण्यासाठी कुप्रसिद्ध होता. अस्नोड्याच्या बाळा मापारींना फेब्रुवारी १९५५ मध्ये कोठडीतल्या छळाने मरण आलं, तो हाच काळ. नंतर मोंतेरो पोर्तुगालला गेला. मोझांबिकच्या मुक्तिलढ्याचे नेते एदुआर्दो मोंदलाने ३ फेब्रुवारी १९६९ रोजी दार-एस-सलाममध्ये पार्सलमधल्या बॉम्बने मारले गेले, त्यातही संशयाचं बोट त्याच्याकडेच जातं.

म्हणजे गोव्यात आपण त्याची गोष्ट १९६१ ला थांबवतो आणि लिस्बनमध्ये ती १९६५ ला सुरू होते. ती सलग वाचली पाहिजे, एवढंच भाईंचं म्हणणं होतं.

भाईंचं शिक्षण मुक्तीच्या आधीचं, पणजीच्या लिसेंव या पोर्तुगीज शाळेतलं. नोकरी भूनोंदणी खात्यात. जुनी पोर्तुगीज दस्तावेजं वाचून देणं हाच रोजचा धंदा होता. त्यामुळे त्यांना जे येत होतं ते विद्यापीठात शिकवत नाहीत. मी लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या वाचनालयात बसून एखादं नाव उतरवून पाठवायची, आणि भाई त्या नावाचं घर शोधून काढायचे. पोर्तुगीज कारकुनाच्या लिपीत आपली माणसं ओळखू येत नाहीत. शंकर तिथे ‘शेंकोरा’ होतो, कामत ‘कामोतीं’ होतात, केंकरे ‘केंक्रो’. ‘पोरोबो’ लिहिलं असेल तर घरी परब म्हणतात की प्रभू, हे गावावरून, वाड्यावरून ठरवायचं. भाई आधी वाडा विचारायचे, मग बापाचं नाव, मग देऊळ कोणतं. तेवढ्यावर उत्तर द्यायचे: हा अमक्याचा थोरला भाऊ, ह्याची बायको अजून साखळीला आहे, जाऊन भेटतो. आणि खरंच जायचे, कदंबा बसने, छत्री घेऊन.

म्हाताऱ्या माणसांसमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘पळयलां काय आयकलां?’ पाहिलंय की ऐकलंय. त्याप्रमाणे कार्ड करायचं. पाहिलेल्याचा गठ्ठा वेगळा, ऐकलेल्याचा वेगळा, आणि ऐकलेला गठ्ठा कितीतरी जाड. मार खाल्लेला प्रत्येक माणूस ‘मोंतेरोने मारलं’ असंच सांगायचा. भाई ते लिहून घ्यायचे, पण दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत पाहिलेल्यात टाकायचे नाहीत. यावरून आमचं भांडणही झालं. सत्तर वर्षांपूर्वी पाठ फोडलेल्या माणसाला तुम्ही पुरावा कसला मागता, असं मी म्हणायची. त्यांचं उत्तर असायचं, ‘बाय, माराचा पुरावा मागत नाही मी, त्याच्या पाठीवर आहे तो. मारणाऱ्याचं नाव चुकलं तर दुसरा कोणीतरी सुटतो.’ हे आज मला पूर्ण पटतं. मोंतेरो एकटाच राक्षस ठरला की बाकीचे शिपाई, अंमलदार, खबरे आणि त्यांना पगार देणारं सरकार, सगळे त्याच्या मागे लपतात.

पोर्तुगालच्या कोर्टात नेमकं तेच झालं. १९७४ च्या क्रांतीत हुकूमशाही पडल्यानंतर देल्गादो खुनाचा खटला लिस्बनच्या लष्करी न्यायालयात चालला. १९८१ मध्ये निकाल लागला. मोंतेरोला सुमारे वीस वर्षांची शिक्षा झाली, पण गैरहजेरीत. तो दक्षिण आफ्रिकेत होता आणि तुरुंगाचं दार न बघता तिथेच मेला. तुकडीचा प्रमुख रोझा काझाको परदेशात पळाला होता, तो म्हातारपणी पोर्तुगालमध्ये परतून निवांत वारला. सालाझार तर १९७० मध्येच गेला होता. बेत फक्त पळवून नेण्याचा होता, मोंतेरोने मर्यादा सोडली, असा एकूण सूर राहिला. देल्गादोंच्या घरच्यांना तो कधीच मान्य झाला नाही. १९९० मध्ये जनरलचे अवशेष राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेले, पुढे विमानतळाला नाव दिलं. वर हुकूम कोणाचा होता याचं समाधानकारक उत्तर मात्र मिळालं नाही. आणि खटला देल्गादोंच्या खुनाचा असल्यामुळे गोव्यातल्या कोठड्यांचा हिशेब त्यात कोणी मागणार नव्हतंच.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा निकाल दिला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. खरे सूत्रधार दुसरेच आहेत आणि तपास यंत्रणांना त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही, असं न्यायालयानेच म्हटलं. त्या संध्याकाळी भाईंचा फोन आला. आवाज चढलेला होता. देल्गादोंचं ते ‘काढून टाकणार’ही १० मेचंच, १९५८ चं, असं मी म्हणाले, तर ताडकन बोलले, ‘योगायोग कार्डावर लिहायचा नसतो.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘गोळी झाडणारा सापडला की लोक घरी जातात. लिस्बनचे गेले तसे आपलेही जातील.’ गोविंद पानसऱ्यांवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

इकडे राहून घरच्या चर्चा ऐकते तेव्हा म्हणूनच जीव तुटतो. गोव्यात दर डिसेंबरला वाद पेटतो तो नावांवरून आणि खुणांवरून. २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगीजांच्या खुणा पुसायची भाषा केल्यापासून तो जास्तच पेटलाय. वास्को शहराचं नाव बदला, पणजीतल्या रस्त्यांची नावं बदला. दुसऱ्या बाजूला ‘आमची संस्कृती’ म्हणून अझुलेजोच्या रंगीत फरश्या आणि फादो या पोर्तुगीज गाण्यांच्या संध्याकाळी. पोर्तुगीज पासपोर्टवरून एकमेकांना देशद्रोही आणि मागासलेले म्हणणं तर बारमाही चालतं, त्यात शिरण्यात मला रस नाही. या दोन्ही पक्षांना मी विचारते: मोंतेरोने सही केलेला जबाब कोणत्या बाजूला टाकणार? तीही पोर्तुगीज खूणच आहे, पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज शिक्क्यासकट. ती पुसलीत तर बाळा मापारींच्या बाजूचा कागद कोणता उरेल? आणि फादो ऐकवणाऱ्यांनी तेवढाच वेळ काढून आग्वादच्या तुरुंगात कोण होतं तेही ऐकवावं. २०२१ पासून तिथे संग्रहालय आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण संग्रहालयात भिंतीवर फोटो लागतो, संशोधकाला तपासायला जबाब लागतो.

लिस्बनचंही कौतुक मी आंधळेपणाने करणार नाही. पिडेचे दप्तर १९९४ पासून खुलं आहे, माझ्यासारख्या परक्या बाईलाही मागितलेली फाइल टेबलावर मिळते, हे मोठंच आहे. ज्या आल्जूब तुरुंगात राजकीय कैदी कोंडले, तिथे आज शाळेची मुलं रांगेने येतात. पण इथल्या बोलण्यात गोवा येतो तो ‘भारताने घेतला’ एवढ्यापुरता. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात होते आणि मुक्ती होऊन सात वर्षं उलटल्यावर, जानेवारी १९६९ मध्ये सुटले, हे इथल्या मित्रांना सांगितलं की ते गोंधळतात. त्याच लढ्यातले त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात कैदेत होते, हे सांगितलं की पुन्हा गोंधळतात. देल्गादोंच्या कुटुंबाचे वकील होते मारियो सुआरिश. त्याच सुआरिश यांनी परराष्ट्रमंत्री म्हणून ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत यशवंतराव चव्हाणांसोबत करारावर सही केली आणि गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. खून झालेल्या जनरलचा वकील आणि आमची मुक्ती मान्य करणारा मंत्री एकच माणूस. दोन्ही देशांच्या शाळांत शिकवावी अशी ही गोष्ट, आणि ती मला डिचोलीतल्या एका कारकुनाकडून कळावी लागली.

गोवा सरकारने पोर्तुगालकडे मागायला हवं ते हे: गोव्याशी संबंधित पोलिस आणि पिडे दप्तराच्या प्रती, पणजीच्या पुराभिलेखागारात, कोणालाही वाचता येतील अशा. आणि ते वाचणारी माणसं तयार करायला हवीत. जुनी पोर्तुगीज लिपी वाचणारा आणि वाड्यावाड्यातली मराठी-कोकणी नावं ओळखणारा माणूस आता डिचोलीत मला दुसरा माहीत नाही. रस्त्याचं नाव दहा वर्षांनीही बदलता येईल. साखळीची ती आजी दहा वर्षं थांबणार नाही.

भाईंची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आहेत. पाहिलेल्यांचे डबे कपाटात, ऐकलेल्यांचे माळ्यावर. त्यांच्या सूनबाईंनी फोनने एकेका कार्डाचा फोटो काढून मला पाठवायला सुरुवात केली आहे. मी त्यावर लिस्बनच्या फाइलचा क्रमांक टाकून परत पाठवते. डिचोलीची होत आली, सत्तरी तालुक्याची सगळी राहिली आहेत. सत्तरीत कोणाच्या घरी त्या काळचं माणूस अजून असेल तर त्याच्यासमोर बसा आणि नाव, वाडा, बापाचं नाव आणि तो एक प्रश्न, एवढं विचारून लिहून ठेवा. वही चालेल.