गोव्यात फसवून घेण्याचे खात्रीचे उपाय

कळंगुटच्या वाळूत टॉवेल पसरलात की पहिली पाच मिनिटं मोलाची. खांद्यावर सारोंगांची चळत आणि मनगटावर माळांचा झुबका घेतलेली लमाणी बाई समोरून येईल, तेव्हा समुद्राकडे बघत बसू नका. मालाकडे बघा. समुद्राकडे बघत, मान हलवून एकदाच 'नको' म्हणणाऱ्यापाशी ती थांबतच नाही. तिला कांदोळीपासून बागापर्यंत वाळू तुडवायची असते, रिकाम्या गिऱ्हाइकावर वेळ घालवणं परवडत नाही. तर मालावर नजर ठेवा आणि विचारा, 'कितीला?' घ्यायचं नसलं तरी विचारा. विचारायला काय जातं!

किंमत ऐकल्यावर तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून 'नंतर बघू' म्हणावं. आपल्याकडे याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो, किनाऱ्यावर मात्र ही नोंदणी समजतात. तुमची शॅक, टॉवेलचा रंग, सौभाग्यवतींची टोपी, सगळं ती लक्षात ठेवते आणि चारच्या सुमारास हजर होते, 'सर, आप बोला था, बाद में.' आता शब्द मोडणारे तुम्ही. या लाजेपोटी जो माल खपतो, तो त्याच्या देखणेपणामुळे खपत नाही.

पाय पुढे करायला विसरू नका. 'देखने का पैसा नहीं' म्हणत ती मण्यांचं पैंजण घोट्यात अडकवते आणि दोऱ्याला दुहेरी गाठ मारते. ओल्या, खारट, वाळू भरलेल्या गाठीला नख लागत नाही. वाकून वाकून दमलेला माणूस मग शेवटी पाकिटाकडे वळतो. पाय आखडून घेणारे लोक रसिक नसतात.

भाव करताना 'निम्म्याला माग' हा घराण्यात चालत आलेला नियम कसोशीनं पाळा. पाचशे सांगताना तिनं तो नियम धरलेलाच असतो, त्यामुळे दोघांचंही समाधान होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी चक्कर मारून खरा भाव बघून येणारे असतात म्हणा, पण सुट्टीत इतका उपद्व्याप कुणी सांगितलाय? शेवटचा आकडा ठरवायचा झाला तर आपसात, तिच्या समोरच, मराठीत ठरवा. 'अहो, तीनशेपर्यंत देऊन टाका, सुमीला होईल.' हिंदी, कोकणी, इंग्रजी आणि चार्टर विमानांनी येणाऱ्यांपुरती रशियन बोलणाऱ्या बाईला मराठी कसं कळेल? यानंतर घासाघीस किती वेळ चालली तरी ती तीनशेच्या खाली एक रुपया येत नाही, हा योगायोग.

कान साफ करणारा भेटला तर डोकं मोकळेपणानं त्याच्या हवाली करा. तो आत सळई घालतो आणि बाहेर खडा काढून दाखवतो. खडा आधीपासून त्याच्या बोटांच्या बेचक्यात असतो, ही शंका घेऊ नये. पैसे खड्यागणिक मोजायचे असल्यानं खडे निघत राहतात. पडद्याला सळई लागलीच, तर पुढचं काम डॉक्टरचं.

फारच झालं तर माळावाल्या बाईला कायद्याची धमकी द्या. पर्यटनस्थळांबाबतचा गोव्याचा २००१चा कायदा आहे, २०२५मध्ये दंडही वाढवलाय, आणि तो तिला तुमच्यापेक्षा चांगला पाठ आहे. तिचं दुकान एका गाठोड्यात मावतं ते उगाच नाही. पोलिसांची गाडी दिसली की ते उचलून ती दोन शॅकपलीकडे जाते, गाडी गेली की परत येते. माल जप्त होण्याचा धोका किमतीत मिळवावा लागतो, तोही तुम्हीच भरायचा.

काजू रस्त्यावरच घ्या. पाकिटावर डब्ल्यू ३२० असेल तर डब्ल्यू २४० कशाला घ्यायचे, ३२० मोठा आकडा आहे! पौंडात साधारण तितके गर बसतात, म्हणजे आकडा वाढला की काजू लहान होतो, असल्या तपशिलात शिरू नका. पाकीट उलटं करून तळाचे तुकडे बघणंही असभ्यपणाचं.

एवढं सगळं सोसल्यावर, संध्याकाळी नाक्यावर स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण 'सर, फक्त एक स्क्रॅच कार्ड' म्हणत येईल. याला हाकलायचं नाही. हा फेरीवाला नव्हे, याच्या गळ्यात ओळखपत्र असतं. बक्षीस हमखास लागतं आणि ते घ्यायला नवरा-बायकोनं जोडीनं हॉटेलात जायचं असतं, म्हणजे 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट बंद. थंडगार खोली, चहा, सुट्ट्यांच्या सदस्यत्वावर दीड-दोन तास व्याख्यान, मग साहेब येऊन फक्त आजच्यापुरती सूट देतात. पैंजणाच्या पन्नास रुपयांसाठी बाईशी अर्धा तास भांडलात, इथे लाखाच्या कागदावर न वाचता सही करा. वार्षिक देखभाल शुल्क वेगळं असतं, पण ते त्या दिवशी विचारायची पद्धत नाही.