पार्किंगमधलं औष्णिक वीज केंद्र

शनिवारी सकाळी अकराला वॉचमन चावी फिरवतो, जनरेटर दहा मिनिटं रिकामाच धडधडतो, पहिल्या मजल्यावरचे लोक वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत घेतात आणि रजिस्टरमध्ये ‘टेस्ट ओके’ अशी नोंद होते. मुंबईतल्या कितीतरी टॉवर्समध्ये हा साप्ताहिक विधी चालतो. स्पष्टच लिहितो. या दहा मिनिटांनी जनरेटर टिकत नाही, मरतो. आणि युनिटमागे हिशोब केला तर या शहरातली सगळ्यात घाण वीज डहाणूला किंवा ट्रॉम्बेला कोळशावर बनत नाही, ती आपल्या पोडियमखाली बनते.

आकडे घ्या. बिल्डरने दिलेला सेट समजा २५० केव्हीएचा, म्हणजे २०० किलोवॉटचा. वीज गेल्यावर त्यावर काय चालतं? दोन लिफ्ट, एक पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सीसीटीव्ही, गेट. सगळं एकदम चालू धरलं तरी ३० किलोवॉटच्या आसपास. पण लिफ्ट बराच वेळ कुठल्यातरी मजल्यावर उभीच असते, पंप टाकी भरली की बंद. सरासरी लोड १० किलोवॉट निघाला तरी खूप. एवढ्यासाठी हे धूड तासाला दहा-अकरा लिटर डिझेल पितं, कारण त्यातलं बहुतेक इंजिन स्वतःला फिरवण्यातच जातं. म्हणजे लिटरला जेमतेम एक युनिट. लिटरभर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा एवढा मोठा असूनही तिथे सरासरी युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास पडतो. डिझेलचा भाव नव्वदच्या घरात धरला तर एक युनिट नव्वद रुपयांना. हाच सेट ७०-८० टक्के लोडवर चालला असता तर लिटरला साडेतीन युनिटं निघाली असती.

कार्बनचं सोडा, तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते सायलेन्सरच्या जोडावर. तिथे बोट फिरवा, काळं, ओलसर, डांबरासारखं काहीतरी हाताला लागेल. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. लोड ३० टक्क्यांच्या खाली राहिला की सिलिंडर हवा तेवढा तापत नाही आणि इंधन अर्धवट जळतं. पिस्टनच्या रिंगांमागे पुरेसा दाब येत नाही, त्या भिंतीला नीट चिकटत नाहीत, ऑइल वर चढतं, न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. हळूहळू सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. न जळलेलं इंधन असं धुराड्याच्या वाटेत साचण्याला वेट स्टॅकिंग म्हणतात. देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेला एएमसीवाला इंजेक्टर साफ करून बिल लावतो, मूळ कारण तसंच राहतं. ओळखायची सोपी खूण सांगतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते आणि ऑइलला डिझेलचा वास येतो. एक थेंब ब्लॉटिंग पेपरवर टाकून ठेवा. काळ्या डागाभोवती फिकट, पारदर्शक कडं पसरलं तर ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय.

हा अर्धवट जळलेला धूर म्हणजे बारीक काजळी, बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. २०२० पासून पंपावर बीएस-६ डिझेल मिळतं, गंधक १० पीपीएमवर आलं, ते उत्तमच. पण काजळी गंधकाने होत नाही, अर्धवट जळण्याने होते.

मग फिल्टर लावू, असा ठराव लगेच येतो. इथेच गंमत आहे. काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला साफ करतो तो धुराच्या उष्णतेने. धूर पुरेसा गरम नसेल तर काजळी जळत नाही, फिल्टर तुंबतो, इंजिनवर उलटा दाब येतो आणि धूर आणखी वाढतो. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना लागू झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘सीपीसीबी ४ प्लस’ नियमांतल्या बऱ्याच सेट्समध्ये युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करतात. तीही यंत्रणा साधारण दोनशे अंशांच्या खाली काम करत नाही. म्हणजे नवा, महागडा, नियमात बसणारा सेट घेतला आणि पाच टक्के लोडवर चालवला, तर पैसेही गेले आणि हवाही गेली.

धुराड्याचा नियम तर बहुतेक कमिट्यांनी ऐकलेलाच नसतो. केव्हीएचं वर्गमूळ काढा, ०.२ ने गुणा, येईल तेवढे मीटर धुराडं इमारतीच्या उंचीच्या वर हवं. २५० केव्हीएला साधारण ३.२ मीटर येतात, म्हणजे गच्चीच्याही वर. बावीस मजल्यांवर पाइप न्यायचा तर त्याचा व्यास वाढवावा लागतो, नाहीतर इतक्या लांबीत इंजिनचा दम कोंडतो. सगळ्यात खालच्या टोकाला पाणी काढायचा नळ हवा, गरम पाइपला इन्सुलेशन हवं. हा खर्च टाळायला पाइप पोडियमच्या भिंतीतून बाहेर काढून मोकळे होतात. थर्मल प्लांटच्या ५०० मेगावॉटच्या युनिटला २७५ मीटरची चिमणी ठरवून दिली होती, ती उगाच नव्हे. आपली चिमणी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली संपते. त्यात डिसेंबर-जानेवारीत खारा वारा उशिरा सुटतो, सकाळची हवा जमिनीलगत साचलेली असते. तेव्हाचा धूर जातो कुठे? घरात.

याच शहरात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. गिरण्यांच्या कोळशाचा धूर डोक्यावर बसला होता म्हणून. तीन वर्षांनी खोपोलीला घाटातल्या पाण्यावर वीज तयार व्हायला लागली आणि ती गिरण्यांना मिळाली. असो.

करायचं काय? आधी मोजायचं. वीजवाल्याला टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, घेऊन बोलवा. जनरेटरवर एक लिफ्ट चालू, मग दोन, मग पंप, असं करत तिन्ही फेजचा करंट लिहून घ्या. लिफ्ट जुनी असेल तर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते, मोटरचा वेग हळूहळू वाढवणाऱ्या नव्या व्हीएफडीवाल्या लिफ्टला तो झटका नसतो. साधारण ३० किलोवॉटच्या लोडला ६२.५ केव्हीए पुरतो. तोच १० किलोवॉटचा लोड छोटा सेट तासाला साडेचार-पाच लिटरमध्ये ओढेल, निम्म्याहून कमी. फायर पंपाचं विचाराल, तर आधी फायर एनओसी काढून वाचा. त्या पंपाला स्वतंत्र डिझेल इंजिन दिलेलं असेल, तर केवळ त्याच्यासाठी भलामोठा जनरेटर पोसण्यात अर्थ नाही. पण एनओसीत जे लिहिलंय त्यात स्वतःच्या मनाने काटछाट नको.

आहे तोच सेट ठेवायचा असेल तर शनिवारचा विधी बंद. महिन्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, दोन्ही लिफ्ट, पंप, कॉमन एसी, जे आहे ते सगळं लावून चालवा. वर्षातून एकदा भाड्याने लोड बँक, म्हणजे जनरेटरला कृत्रिम लोड देणारं यंत्र, आणून दोन तास ७५ टक्क्यांवर चालवा. पहिली वीस मिनिटं धुराड्यातून साचलेला कचरा उडेल, त्यामुळे शेजारच्या सोसायटीला आधी सांगून ठेवा. ऐन वेळी सेट सुरू होत नाही तो बहुतेकदा बॅटरीमुळे. चार्जर चालू आहे का, एवढं वॉचमनला दाखवून द्या.

डिझेलची टाकी बऱ्याचदा कित्येकशे लिटरची असते आणि कमिटीला ती काठोकाठ भरलेली आवडते. महिन्याला एक तास चालणाऱ्या सेटला एवढं डिझेल कशाला? वर्षभरात ते खराब होतं. आपल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी साचतं, त्यावर शेवाळासारखा गाळ वाढतो आणि फिल्टर तुंबतो. दीडशे-दोनशे लिटर पुरे, आणि पावसाळ्यात दर महिन्याला तळाचा नळ उघडून पाणी काढा. काढलेलं पाणी, सांडलेलं डिझेल गटारात सोडू नका, ते सरळ नाल्यातून खाडीत जातं. जुनं ऑइल भंगारवाल्याला नको, ते कायद्याने घातक कचरा आहे, नोंदणीकृत रीसायकलरलाच द्यायचं.

आता सोलर. गच्चीवर पॅनेल आहेत म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट चालेल, असं सभेत छातीठोकपणे सांगणारे भेटतात. चालत नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ग्रिड गेलं की साधा सोलर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. बॅटरीसह हायब्रिड, म्हणजे ग्रिड गेल्यावरही चालू राहणारा, इन्व्हर्टर लागतो. तिथेही नुसती युनिटं बघू नका. १५ युनिटांची लिथियम बॅटरी तासभर पुरेल, पण इन्व्हर्टर थ्री-फेज आणि लिफ्टचा झटका सोसणारा हवा, आणि एका वेळी एकच लिफ्ट चालवायची. बेसमेंटमध्ये काहीही बसवू नका, २६ जुलैला काय काय बुडालं ते आठवा. ग्रिडला जोडलेल्या पॅनेलला पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. मुंबईत एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो, जून ते सप्टेंबर बराच कमी. लिफ्टला एआरडी नसेल तर ती सगळ्यात आधी लावा. वीज गेली की ती लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. कुणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर त्याला साडेतीनशे वॉट लागतात, घरातला चांगला इन्व्हर्टर ते काम करतो.

आणि जिथे पुनर्विकास चालू आहे तिथल्या मंडळींसाठी. ब्रोशरमध्ये ‘१०० टक्के पॉवर बॅकअप’ वाचून खूश होऊ नका. करारावर सह्या व्हायच्या आधी विकासकाकडून जनरेटरचं लोड शीट मागा, कुठली मोटर किती किलोवॉटची, त्यातल्या एका वेळी किती चालणार, हे सगळं लिहिलेलं. धुराडं गच्चीच्या वर किती मीटर जाणार, तेही ड्रॉइंगवर दाखवायला सांगा. इमारत उभी राहिल्यावर पाइपला डक्ट सापडत नाही.